तंगूस

पतपेढीत एकतीस वर्षं रोख मोजली.
आता बर्फाच्या बंद कारखान्यात
कुत्र्यामांजरांचा हिशेब ठेवते.
सवय जुनीच: डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
खाली शिल्लक,
जी बहुतेक महिन्यांत नुसती रेघ असते.

त्या संध्याकाळी रेघेखाली दोनशे ऐंशी रुपये होते
आणि तिसरीच्या तोंडातून
वीतभर तंगूस लोंबत होता.

तिसरी. तीन पायांवर चालते म्हणून,
आणि कुणी जवळ गेलं की शिंपल्यासारखी मिटते म्हणूनही.
लाडू तो दोरा ओढायला गेला, मी ओरडले.
दोरा बाहेर दिसतो तेव्हा गळ आत असतो,
एवढं वेंगुर्ला बंदरावर
चालायला शिकलेल्या पोरालाही कळतं.

अश्पाकने टेम्पोतले मासळीचे क्रेट भराभर उतरवले.
एरवी हॉर्नवर हात ठेवूनच मठ ओलांडणारा हा माणूस
प्रत्येक खड्ड्याला मागे वळून
"सॉरी गो बाय" म्हणत होता,
मला नव्हे.

कुडाळला डॉक्टर वृंदा केळुसकरांनी
एक्स-रे दिव्यासमोर धरला.
जठराच्या तोंडाशी गळ. इतका स्वच्छ
की त्याचा नंबर सांगता आला असता.
"माझी फी सोडा. पण भूल, टाके, सलाईन,
रात्रभर बसायला माणूस... नऊ हजार तरी."
मी पर्स उघडली. उगाचच.
आत किती आहे ते मला पाठ होतं.
"ते उद्या," त्या म्हणाल्या
आणि पोटावरचे केस काढायचं मशीन सुरू केलं.

सकाळी लिलावात भागिरथी तांडेलने विचारलं,
"जगली मा ती?"
"रात काढल्यान."
तिने पाटीतली सगळ्यांत मोठी सुरमई उचलली,
देवळात पावणीला नारळ ठेवतात तशी
तरटावर मधोमध ठेवली, आणि हाक दिली:
"तिसरेच्या नावान! बोला, कितीक?"

बाराशेला खानावळवाल्या राऊळने घेतली.
पैसे दिले, मासा परत तरटावर.
"परत बोल."
पाच वेळा विकली गेली ती सुरमई.
ऊन चढलं, तिचे डोळे पांढरे झाले,
भाव मात्र उतरेना.
शेवटी कुणीतरी नाक धरून म्हणालं,
"आता खावा तरी कोणीतरी तिका."
सहा हजार एकशे पन्नास.

गळ मला डॉक्टरांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत दिला होता.
तो मी तिथे दाखवला. राग म्हणून नव्हे,
पावती म्हणून.
बाटली हातोहात फिरली
आणि बस्त्याव डिसोजापाशी थांबली.
त्याने ती उन्हात धरली. बराच वेळ.
"गाठ माझी असा," म्हणाला.
"पापान शिकयलेली. दुसऱ्या कोणाक येणा नाय."

कुणी काही बोललं नाही.
एका बोटीचं इंजिन सुरू व्हायला बघत होतं,
होत नव्हतं.
त्याने खिशातून दोन हजार काढले.
मोजायला बोटाला थुंकी लावावी लागली नाही,
नोटा ओल्याच होत्या.
"वहीत नाव नको घालू."

तिसरी अकराव्या दिवशी परत आली,
पोटावर टाक्यांची शिवण घेऊन,
आणि आधीसारखीच मिटून बसली.
त्याच आठवड्यात मांजराचं एक पिल्लू गेलं,
टेम्पो पोचण्याआधीच.
नाव नव्हतं ठेवलं. खर्च शून्य.
तो शून्य गोल काढायला मला वेळ लागला.

डॉक्टरांचे पाचशे सत्तर अजून बाकी आहेत.

ओहोटीला बस्त्याव खडकांतून वाकून चालतो,
अडकलेला, तुटलेला तंगूस गोळा करतो,
पत्र्याच्या डब्यातून कारखान्याच्या दारात ठेवतो
आणि हाक न मारता जातो.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
ते मला एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.
काल तराजूत टाकून पाहिला,
मग डावीकडे लिहिलं:
तंगूस, अडीचशे ग्रॅम.
गाठी मोजल्या नाहीत.